अटारी, हुसैनीवाला, सोनौली, जयगाव, डावकी: बॉर्डर बघायला जाताय तर आधी हे वाचा

गेल्या तीन-चार वर्षांत आम्ही आई-बाबांना घेऊन देशाच्या कडेकडेने बरंच फिरलो, आणि परत आल्यावर प्रत्येक वेळी नातेवाईकांचा, सोसायटीतल्या लोकांचा एकच प्रश्न, "वाघा बॉर्डर बघितली का?" बघितली, दोनदा बघितली. पण बाकीच्या बॉर्डरबद्दल कोणी विचारतच नाही, जणू आपल्या देशाला तेवढी एकच बॉर्डर आहे. म्हणून हा सगळा रिव्ह्यू एकत्र लिहितेय. हॉटेलचा लिहितो तसाच, म्हणजे कागदपत्रं काय लागतात, पैसे कसे चालतात, वयस्कर माणसांना झेपतं का, आणि मुख्य म्हणजे तिथे जाऊन बघायला मिळतं काय. माझं मत आधीच सांगते. बॉर्डर कळते ती लोकं तिथून भाजी, पोती, पोरंबाळं घेऊन कशी ये-जा करतात ते बघितल्यावर. परेड बघायला जरूर जा, पण तेवढंच बघून घरी येऊ नका.

सुरुवात अटारीपासूनच करते कारण सगळे तिथेच जातात. अमृतसरहून तीस किलोमीटरच्या आत आहे, शेअर टॅक्सी भरपूर, तासाभरात पोचता. आपल्याकडचं गाव अटारी आणि पलीकडचं वाघा, आपण मात्र सरसकट वाघाच म्हणतो. संध्याकाळचा झेंडा उतरवायचा कार्यक्रम १९५९ पासून चालू आहे, आपल्या बाजूने बीएसएफ आणि तिकडून पाकिस्तान रेंजर्स. प्रवेश फुकट आहे, बीएसएफच्या साइटवरून सीट पण फुकट बुक होते, ती आधीच करा. स्टेडियम प्रचंड मोठं आहे, आपल्या बाजूचा तिरंग्याचा खांब ४१८ फुटी आहे, लांबूनच दिसायला लागतो. बॅग आत नेता येत नाही, अगदी छोटी पर्ससुद्धा नाही, त्यामुळे बॅगा हॉटेलवरच ठेवा नाहीतर गाडीत. आम्ही पहिल्यांदा ते न ऐकता गेलो आणि बाहेर एका लॉकरवाल्याने चार बॅगांचे वाट्टेल ते पैसे लावले, पावती मागितली तर दिली नाही. पाण्याची बाटली, टोपी, मोबाईल, बस, एवढंच हातात ठेवा.

आम्ही पहिल्यांदा गेलो डिसेंबर २०२३ मध्ये. तेव्हा गेट उघडायचं, दोन्हीकडचे जवान समोरासमोर येऊन पाय आपटायचे, शेवटी हस्तांदोलन व्हायचं. त्याआधी बायकांना हातात तिरंगा घेऊन रस्त्यावरून पळायला बोलावतात, माझी आई वय वर्षं अडुसष्ट, गुडघ्याला पट्टा, ती सुद्धा उतरली आणि पळाली, मी वरून व्हिडिओ काढताना रडत होते. दुसऱ्यांदा मी नोव्हेंबर २०२५ मध्ये गेले, अमृतसरला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा. पहलगामचा हल्ला एप्रिल २०२५ मधला, त्यानंतर अटारीची चेकपोस्ट बंद झाली, आणि मे महिन्यात कार्यक्रम परत सुरू झाला तो गेट न उघडता आणि हात न मिळवता. आम्ही बघितला तोही तसाच. घोषणा तेवढ्याच जोरात, गर्दीपण खूप, पण बंद गेटसमोर झेंडा उतरताना बघून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

आणि यात एक गोष्ट जी स्टेडियममध्ये बसून कळत नाही ती आमच्या गाडीवाल्या पाजींनी सांगितली. त्यांचा चुलतभाऊ अटारीला हमाली करायचा. २०१२ मध्ये तिथे मोठी चेकपोस्ट झाली, ट्रक यायला लागले, सिमेंट, जिप्सम, सुकामेवा, तेव्हा गावातल्या पोरांना वाटलं आता जन्माची सोय झाली. मग २०१९ मध्ये पाकिस्तानशी व्यापार थांबला, नंतर अफगाणिस्तानातला माल तेवढा यायचा. पाजी म्हणाले तो भाऊ आता लुधियानाला गोडाऊनवर जातो. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये रोज हजारो माणसं येतात आणि शेजारचा ट्रकचा रस्ता रिकामा पडलेला, हे मला त्या दिवशी फार लागलं.

आता हुसैनीवाला. ह्याच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मराठी माणसाने तिथे गेलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्या ओळखीत एकही माणूस तिथे गेलेला नाही. फिरोजपूरहून दहा-अकरा किलोमीटर, सतलजच्या काठावर. २३ मार्च १९३१ ला लाहोर जेलमध्ये भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी दिली आणि इंग्रजांनी लोकांच्या भीतीने रातोरात त्यांचे मृतदेह इथे आणून जाळले. राजगुरू आपल्या खेडचे, आज त्या गावाचं नावच राजगुरुनगर आहे, पुणे-नाशिक रस्त्याने आपण कितीदा जातो, बसमधून कंडक्टर "राजगुरुनगर, राजगुरुनगर" ओरडतो आणि आपण मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलो असतो. त्या माणसाची समाधी इथे, घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर लांब, देशाच्या अगदी शेवटच्या टोकाला.

आणि ही जागा फाळणीत आपल्याकडे आली नव्हती हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. १९४७ मध्ये ती पाकिस्तानात गेली, १९६१ मध्ये आपण सुलेमानकी हेडवर्क्सजवळची, म्हणजे सतलजवरच्या बंधाऱ्याजवळची, १२ गावं त्यांना दिली आणि ही जागा परत घेतली. बाबा रेव्हेन्यू खात्यातून रिटायर झालेत, आयुष्यभर सातबारा आणि बांधाच्या तक्रारी बघितलेल्या, ते तिथे बराच वेळ गप्प उभे होते आणि मग म्हणाले, "बारा गावं दिली गं, तीन माणसांच्या राखेसाठी." पुढे १९६८ मध्ये स्मारक झालं, १९७१ च्या युद्धात हा भाग त्यांच्या ताब्यात गेला तेव्हा त्याची मोडतोड झाली, आणि १९७३ मध्ये परत उभं केलं. भगतसिंगांचे साथीदार बटुकेश्वर दत्त यांची समाधीपण इथेच आहे, १९६५ मध्ये गेले ते, त्यांची शेवटची इच्छाच होती की साथीदारांजवळ जाळा. भगतसिंगांच्या आई विद्यावतीदेवी पण इथेच.

आईने नाशिकहून निघतानाच डब्यात थोडे तिळाचे लाडू घेतलेले, तिने एक लाडू समाधीपाशी ठेवला. तिथल्या माळीकाकांनी विचारलं कुठून आलात, म्हटलं महाराष्ट्र, तर ते लगेच म्हणाले "राजगुरू वाले!" मला त्या दोन शब्दांनी जे वाटलं ते लिहिता येत नाही.

इथेही संध्याकाळी झेंडा उतरवतात. अटारीच्या मानाने अगदी छोटी जागा, पलीकडची माणसं इतकी जवळ बसलेली की त्यांच्या अंगावरच्या शालींचे रंग दिसतात. पलीकडे कसूर. एक छोटी मुलगी, गुलाबी स्वेटर, आमच्याकडे बघून हात हलवत होती, आईने पण हात हलवला, मग दोघीही थांबेनात. फिरोजपूरकडून येणारा रेल्वेचा रूळ पूर्वी कसूर-लाहोरपर्यंत जायचा तो आता इथेच संपतो. अटारीला पाचपैकी साडेतीन देईन, ह्या जागेला पाचपैकी पाच, आणि गैरसोय म्हणाल तर एवढीच की अमृतसरहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, खायला फिरोजपूरमध्येच खाऊन घ्या.

आता पंजाबवरून थेट सोनौली, कारण ह्या दोन जागा एकाच महिन्यात बघितल्या असत्या तर डोकं चक्रावलं असतं. सोनौली उत्तर प्रदेशात, गोरखपूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास, नौतनवापर्यंत रेल्वे येते आणि तिथून सात-आठ किलोमीटर. पलीकडे नेपाळचं बेलहिया, पुढे भैरहवा, आणि तिथून लुंबिनी जेमतेम तासाभरावर. आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये लुंबिनीसाठीच गेलो होतो.

बॉर्डर म्हणजे काय असं विचाराल तर एक रस्ता आहे, दोन कमानी आहेत, मधे थोडीशी जागा आहे, आणि त्या रस्त्यावरून सायकली, रिक्षा, बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळेची पोरं सगळं एकत्र चाललंय. १९५० च्या करारापासून दोन्ही देशांच्या लोकांना इकडून तिकडे व्हिसा लागत नाही. सतराशे किलोमीटरहून लांब बॉर्डर, आणि बहुतेक ठिकाणी कुंपणच नाही. शेताला शेत लागून, मधे दसगजा, म्हणजे दोन्हीकडून मोकळी सोडलेली पट्टी, आणि त्यात सिमेंटचे खांब. बाबांना हे एकदम पटलं, म्हणाले "हा तर आपला बांधच की." आपल्याकडे एसएसबीचे, म्हणजे सशस्त्र सीमा बलाचे, जवान उभे असतात, बॅग उघडायला लावतात, ओळखपत्र विचारतात किंवा विचारतही नाहीत, पण व्होटर कार्ड किंवा पासपोर्ट जवळ ठेवाच. गाडी घेऊन जाणार असाल तर तिकडे भन्सारला, म्हणजे त्यांच्या कस्टमला, दिवसाच्या हिशोबाने पैसे भरून कागद करून घ्यावा लागतो, तो कागद हरवू नका, परत येताना दाखवायचा असतो.

पैशाचं गणित इथे फार मजेशीर आहे आणि मला फार आवडलं. शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी, १९९३ पासून हा भाव हललेलाच नाही. कुठल्याही दुकानात भाव विचारला की उलट प्रश्न येतो, "आयसी का एनसी?" आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. भाजीवाली म्हातारी, शाळेचं तोंड न बघितलेली, तिने माझ्याकडून आयसी घेतले, आतून कंबरेच्या बटव्यातून थोडे एनसी आणि थोडे आयसी परत दिले, आणि मी फोनवर कॅल्क्युलेटर काढून बघितलं तर रुपया-पैशाला बरोबर. मी बँकेत बावीस वर्षं कॅशवर बसलेय, मी तिला मनातल्या मनात हात जोडले. नोटांचा मात्र घोळ आहे, डिसेंबर २०१८ पासून नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या, आम्ही शंभराची बंडलं घेऊन गेलो, आता तुम्ही जाल तेव्हा आत्ताचा नियम काय ते बघून जा. आणि घड्याळ! बेलहियाला पाऊल टाकलं की फोन पंधरा मिनिटं पुढे जातो. आपल्यापेक्षा पाव तास पुढे, जगात पाऊण तासाच्या हिशोबाने चालणारी घड्याळं अगदी मोजक्या ठिकाणी आहेत, त्यातलं एक हे.

आता एक प्रसंग. आपल्या बाजूला ट्रकची रांग लागते, कधी कधी काही किलोमीटर. आम्ही चालत गेटकडे निघालो होतो आणि मला एमएच १५ दिसली. नाशिक! ताडपत्रीखाली कांदा, लांबूनच वास आला. मी सरळ जाऊन मराठीतच विचारलं, "दादा, कुठले?" तो खाली बसून स्टोव्हवर भात लावत होता, उठून उभाच राहिला. निफाडचा. "ताई, आज तिसरा दिवस, पुढच्या चार गाड्या गेल्या की माझा नंबर." कांद्याला कोंब येतील म्हणून दर दोन तासांनी ताडपत्री वर करून वारा द्यायचा, रात्री दव पडतं म्हणून परत झाकायची. आईने तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी अर्धी त्याला दिली, तो नको नको म्हणत होता पण त्याचे डोळे भरले होते. त्याने जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं, की माणसाला ही बॉर्डर पाच मिनिटांची आहे आणि कांद्याला तीन दिवसांची. त्याच्या डोक्यात २०१५ सालची आठवण अजून ताजी होती, तेव्हा महिनोन्महिने बॉर्डरवर नाकेबंदी झाली होती, तो तेव्हा क्लीनर होता आणि बिहारमधल्या रक्सौल बॉर्डरला अडकला होता, नेपाळमध्ये गॅस नाही, औषध नाही, आणि हे इकडे माल घेऊन उभे.

दोन्ही बाजूंची माणसं "रोटी-बेटीचं नातं" म्हणतात, अगदी आपल्यासारखाच शब्द. आमच्या रिक्षावाल्याची सासुरवाडी पलीकडे होती, संध्याकाळी जेवायला जातो म्हणाला. सोयीच्या बाबतीत सोनौली वाईट आहे, धूळ, हॉर्न, एजंट लोक अंगावर येतात, बस स्टँडजवळच्या टॉयलेटमध्ये आईला नेऊन परत आणलं इतकी घाण. पण राहायचं असेल तर भैरहवाला राहा, चांगली हॉटेलं आहेत. माझे मार्क चार. एक मार्क फक्त घाणीचा कापला.

मग जयगाव, आणि इथे मला राग आलेला आहे तो लिहितेच. जयगाव पश्चिम बंगालमध्ये, अलिपुरद्वार जिल्हा, जवळचं स्टेशन हासीमारा. पलीकडे भूतानचं फुंटशोलिंग. आमच्याच शहरातल्या एका टूरवाल्याकडून मे २०२३ मध्ये बुकिंग केलं, तीन रात्री, थिंफू-पारो. मी दोनदा फोन करून विचारलं की कागद काय, तर दोन्ही वेळा उत्तर आलं "आधार आणा मॅडम, इंडियनला काही लागत नाही." भूतानला आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड, हे दोनच, मुलांना जन्मदाखला. आमचे दोघांचे पासपोर्ट होते, बाबा जुन्या वळणाचे, त्यांच्या पाकिटात व्होटर कार्ड कायम असतं, आईकडे फक्त आधार. भूतानच्या काउंटरवरची मुलगी, किरा म्हणजे त्यांच्या बायकांचा पोशाख नेसलेली, अगदी शांतपणे, इतक्या नम्रपणे तिने तीनदा समजावून सांगितलं की आई, तुम्हाला मी सोडू शकत नाही, फोटो चालणार नाही, ओरिजिनल लागेल. आईचं कार्ड नाशिकला कपाटात. टूरवाल्याला फोन लावला तर म्हणाला बघतो, आणि नंतर फोन उचललाच नाही. आई तिथल्या खुर्चीवर बसून "तुम्ही जा, मी इथे थांबते" म्हणत होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. बाबा म्हणाले, मग मीही नाही. पैसे आजपर्यंत परत आले नाहीत. तुम्ही कोणाकडूनही बुकिंग करा, कागदाचं मात्र स्वतः भूतान सरकारच्या साइटवर वाचून घ्या, दुसऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही परत गेलो, यावेळी आपले आपण, आईने व्होटर कार्ड लॅमिनेट करून आणलेलं. तिने ते काउंटरवर ठेवलं, मुलीने स्टॅम्प मारला, आणि आई माझ्याकडे बघून हसली, तेवढ्यासाठी तो सगळा प्रवास परत करावा लागला तरी चालला. भारतीयांना सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी, म्हणजे भूतान सरकार टुरिस्टकडून घेतं ती फी, माणशी रात्रीला १२०० रुपये आहे, २०२२ पासून. आम्ही चौघं तीन रात्री म्हणजे १४,४०० रुपये नुसते त्याचेच, हे बजेटमध्ये धरा. त्यांचं चलन न्गुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचं, एकाला एक, आपले पैसे चालतात. घड्याळ अर्धा तास पुढे.

जयगाव आणि फुंटशोलिंग यातला फरक कानाला कळतो. जयगावला अखंड हॉर्न, टेम्पो, मोमोवाले, ओरडणं. मग पायी जाणाऱ्यांच्या इमारतीतून बॅग स्कॅन करून पलीकडे बाहेर आलात की एकदम शांत. झेब्रा क्रॉसिंगवर आई थबकली तर समोरची गाडी थांबली, तिला कळेना काय करायचं, तिने ड्रायव्हरला हात जोडले. मधे झांगतो पेलरी मंदिर आहे, त्याच्या भोवती म्हाताऱ्या बायका माळ ओढत फेऱ्या मारतात, आई पण त्यांच्यात सामील झाली. पण दोन्ही गावांचं पोट एकमेकांवर आहे हे विसरू नका. सकाळी जयगावचे गवंडी, सुतार, कामवाल्या बायका रांगेने पलीकडे कामाला जातात, संध्याकाळी तिकडची कुटुंबं इकडे किराणा भरायला येतात. करोनात मार्च २०२० ला गेट बंद झालं ते सप्टेंबर २०२२ मध्ये उघडलं, अडीच वर्षं. आम्ही ज्या दुकानात छत्री घेतली तो दुकानदार म्हणाला त्या काळात मी बायकोचे दागिने मोडले. आणि त्याच काळात मधे भिंत पण झाली. व्यवस्था म्हणून मी ह्या बॉर्डरला पाच देईन, स्वच्छ, नियम स्पष्ट, माणसं सभ्य. मनाला जवळची मात्र सोनौलीच वाटली.

पहिल्या वेळी भूतान हुकल्यावर दोन दिवस हातात होते म्हणून आम्ही कूचबिहारकडे वळलो आणि मेखलीगंजजवळ तीन बिघा बघितलं. फार थोडक्यात सांगते, एक छोटीशी जमीन, १७८ बाय ८५ मीटर, भारताची, पण त्यातून बांगलादेशच्या लोकांना जायला रस्ता, कारण दहग्राम-अंगारपोता हा त्यांचा तुकडा चारी बाजूंनी आपल्या जमिनीत आहे. १९९२ मध्ये रस्ता दिला तो दिवसा काही तासच, २०११ पासून चोवीस तास. एका चौकात आपला रस्ता आणि त्यांचा रस्ता एकमेकांना छेदतात, मधे बीएसएफचा जवान. एक माणूस सायकलला दोन फणस बांधून बांगलादेशातून निघाला, भारत ओलांडला, परत बांगलादेशात गेला, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. असे तुकडे इथे शेकड्याने होते, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, आपले तिकडे १११, त्यांचे इकडे ५१. बाबा म्हणाले एवढ्या फेरफाराच्या नोंदी कोणी लिहिल्या असतील त्या तलाठ्याला साष्टांग नमस्कार. मुद्दाम तेवढ्यासाठी जाऊ नका, पण त्या बाजूला असाल तर अर्धा दिवस काढा.

आणि डावकी. मेघालय, शिलाँगहून ऐंशी-एक किलोमीटर, घाटरस्ता, मळमळणाऱ्यांनी गोळी घ्या. सगळे जातात ते उमंगोट नदीतल्या होडीच्या फोटोसाठी, पाणी इतकं स्वच्छ की होडी हवेत तरंगल्यासारखी दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यातच जा, पावसाळ्यात पाणी गढूळ. होडीचं भाडं आधी ठरवून घ्या. वरून जातो तो झुलता पूल १९३२ चा, गाड्या एकेक करून सोडतात.

पण होडीतून उतरल्यावर खाली वाळूत चालत जा, तिथे ती जागा येते. तीच नदी, तेच गोटे, कुंपण नाही, भिंत नाही, आणि समोर बांगलादेशातलं जाफलाँग. आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलो, शुक्रवार होता, म्हणजे तिकडचा सुट्टीचा वार. पलीकडे हजारो माणसं, पोरं पाण्यात डुंबतायत, बायका साडी सावरत सेल्फी काढतायत, सगळे ढाका-सिल्हेटहून आलेले टुरिस्ट. आपल्याकडे आम्ही टुरिस्ट. मधे दोन-तीन जवान, आपले आणि त्यांचे, शिट्टी हातात, कोणी जास्त पुढे आलं की वाजवायची. बांगलादेशाबरोबरची आपली बॉर्डर ४,०९६ किलोमीटर, आपल्या सगळ्या शेजाऱ्यांत सगळ्यात लांब, आणि बऱ्याच ठिकाणी तारेचं कुंपण आहे, म्हणून ही एवढीशी मोकळी वाळू बघायला जीव लावून बसावंसं वाटतं.

तिकडचे फेरीवाले अगदी रेषेपाशी येऊन बसतात, डोक्यावर टोपली, त्यात झालमुरी म्हणजे तिखट कुरमुरे, बोराचं लोणचं, चणे. आईला बोरं दिसली की राहवत नाही. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, त्याला हिंदी येईना, आईला बांगला येईना. तिने वीस रुपयांची नोट दाखवली, त्याने मान हलवली, कागदाच्या पुडीत लाल तिखट बोरं बांधली, वाकून हात लांब केला, आईने पण वाकून घेतली. तिने एक तोंडात टाकलं आणि त्याला मराठीतच म्हणाली, "बाळा, गूळ कमी पडलाय." तो हसला, बहुतेक वाटलं असेल चांगलं म्हणतेय. जवान आमच्याकडे बघत होता, त्याने शिट्टी तोंडात धरली होती पण वाजवली नाही.

डावकीला पाचपैकी साडेचार. नदीकाठी बायकांसाठी नीट टॉयलेट नाही आणि उतरायच्या पायऱ्या वयस्कर माणसांना त्रासाच्या आहेत, बाबा अर्ध्यातच बसले. फोनचं घड्याळ पलीकडचा टॉवर पकडून अर्धा तास पुढे जातं, परतीच्या गाडीची वेळ मनगटावरच्या घड्याळावर बघा, आमच्या मागच्या कुटुंबाची सुमो त्यामुळे चुकता चुकता राहिली. आणि जमलं तर शुक्रवारच धरा, इतर वारी पलीकडे गर्दी कमी असते, फेरीवालेही थोडेच येतात.